नजरेला वाट

मोकळ्या जागेची घरात अडचण झाली, असे मी सांगितले तर तुम्ही हसाल. त्यातून मी लालबागचा! दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सातजण. तिथे भिंतीलासुद्धा मोकळे राहण्याची मुभा नव्हती: खुंटीला कपडे, फळीवर डबे आणि उरल्या जागेत देवादिकांच्या तसबिरी.

अशा घरात १९७९ साली मी अॅग्फा क्लिक थ्री कॅमेरा आणला. एका रोलात फोटो बाराच. तेव्हा प्रत्येक फोटोत जमतील तितकी माणसे कोंबावीत, हा घरचा सिद्धांत. आमचे गिरगावातले ड्रॉइंग मास्तर मात्र म्हणत, "अरे, माणूस जिकडे बघतो तिकडे जागा सोड. नजरेलाही चालायला वाट हवी."

हा उपदेश मी बाबांवर आजमावला. पहिली पाळी करून आलेले बाबा गॅलरीच्या कठड्याला टेकून गिरणीच्या चिमणीकडे पाहत होते. त्यांना मी डाव्या कडेला घेतले, उजवीकडे बोटाएवढी चिमणी, आणि मधे नुसते आभाळ! फोटो पाहून बाबा म्हणाले, "पैसे पुऱ्या कागदाचे घेतले ना रे? मग माणूस पाव कागदावरच का?" आईने निकाल दिला, "पोराला नेम धरता आला नाही." फोटो ट्रंकेच्या तळाशी गेला.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. तो मिटल्याचे कुणी कधी जाहीर केलेच नाही. बाबांची गिरणी पुन्हा चालू झाली नाही. ते मात्र पाळीच्या वेळेला कठड्याशी येऊन उभे राहत. त्या दिवसांत मला कॅमेरा हातात घ्यावासा वाटला नाही.

बाबा गेल्यावर भिंतीवर लावायला फोटो शोधू लागलो. लग्नामुंजींच्या सगळ्या फोटोंत ते गर्दीत चेंगरलेले. शेवटी ट्रंकेतला तो फोटो निघाला. स्टुडिओवाल्याने चेहऱ्याभोवती पेन्सिलीने चौकोन आखला. एवढाच कापून मोठा करतो म्हणाला. आईने त्याचा हात धरला.

"कापू नका हो. त्यांना बघायला काहीतरी राहू दे."

देवांच्या दोन तसबिरी हलवून आम्ही तो अख्खा फोटो लावला. आता गॅलरीसमोर टॉवर उभा आहे. आभाळ पाहायचे तर मी घरात येतो.