शहर, डोंगर, बेट आणि बाबांचा हट्ट

मंडळी, पोस्ट लांबलचक आहे. चहा घेऊन बसा.

इथे इंग्लंडमध्ये शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागते ती जुलैच्या शेवटी, आणि मिळते सहा आठवडे. त्याआधी मुलांना परस्पर शाळेतून काढलं तर दर पालकामागे आणि दर मुलामागे ८० पाऊंड दंड, तीन आठवड्यांत भरला नाही तर १६०. दोन मुलांच्या आईबापांनी गुणाकार करून बघावा. तात्पर्य, आमच्यासारख्यांना मोठी सहल म्हणजे जुलै-ऑगस्टच. आणि जुलै-ऑगस्ट म्हणजे आपल्याकडे धो धो पाऊस.

यंदा आई-बाबांना घेऊन तीन आठवडे फिरायचं, हे गेल्या दिवाळीतच ठरलं होतं. पहिला विचार अर्थात भारतातलाच. मुंबई, मग हिमाचल, मग अंदमान. कागदावर झकास दिसतं. पण पावसाळ्यात हिमाचलात दरडी कोसळून रस्ते बंद होतात, आणि अंदमानचा समुद्र त्या दिवसांत इतका खवळलेला असतो की बेटावरून बेटावर जाणाऱ्या बोटींचा भरवसा नाही. डिसेंबरात जावं तर अंदमान सुंदर, पण हिमाचलच्या थंडीत आईचे गुडघे बोलायला लागतात.

तुम्ही म्हणाल, मग सरळ पुण्याला जाऊन चार आठवडे राहा की. राहिलोय, दर वर्षी राहतो. चार आठवड्यांतले तीन कुणाच्या ना कुणाच्या सोफ्यावर जातात. सकाळी पोहे मावशीकडे, दुपारी जेवण आत्याकडे, संध्याकाळी पुन्हा पोहे. मुलं फोनमध्ये डोकं घालून बसलेली, कारण त्यांना कुणी काही विचारलं तर ते एवढंच, "ओळखलंस का मला?" आणि आई? आई ओट्यापाशी. आम्ही येणार म्हणून आठ दिवस आधीपासून चकल्या-लाडू, आलो की दोन्ही वेळचा स्वयंपाक, जाताना पुन्हा मेतकूट नि भाजणीची पाकिटं. मला आईशी निवांत बोलायचं असलं तर लसूण सोलायला बसावं लागतं. म्हणून यंदा जिथे आईचा ओटा नाही अशा ठिकाणी भेटायचं ठरवलं. नातेवाइकांचा कार्यक्रम डिसेंबरात, दोन आठवडे, पोह्यांसकट.

खूप शोधाशोध करून मलेशियावर आलो. कारण साधं आहे. मुंबईहून विमान साधारण पाच तासांचं, आमचं लंडनहून थेट तेरा-चौदा तासांचं. भारतीय पासपोर्टवर १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही (सवलत मुदतीची आहे आणि वाढवत आले आहेत, तेव्हा तिकीट काढायच्या आधी तपासा). आपल्यातले जे ब्रिटिश पासपोर्टवाले आहेत त्यांनाही लागत नाही. पोहोचायच्या आधी तीन दिवसांत एक डिजिटल अरायव्हल कार्ड मात्र प्रत्येकाचं भरायचं, आई-बाबांचंही. ते मी इथूनच भरणार आहे. आणि मुख्य म्हणजे पूर्व किनाऱ्यावरच्या बेटांना पाऊस झोडपतो तो नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा तिथली बरीच हॉटेलं बंदच असतात. आपल्या शाळांच्या सुट्टीत समुद्र शांत असतो.

तारखांचा निर्णय आईने एका वाक्यात केला. यंदा अधिक ज्येष्ठ होता, त्यामुळे श्रावण चक्क १३ ऑगस्टला सुरू होतोय. "बाराला दिव्यांची अवस. दिवे घासायला मी घरात पाहिजे." झालं. २४ जुलै ते ११ ऑगस्ट. अठरा रात्री.

आता या अठरा रात्रींचं वाटप. आमच्या घरात यावरून तीन महिने रण पेटलं होतं. नवऱ्याला किनाबालू चढायचा होता. तो बोर्निओत, ४,०९५ मीटर, वाटेत एक रात्र डोंगरावर मुक्काम. त्याच्यासाठी आणखी दोन विमानं आणि पाच दिवस. मी म्हटलं, तू पन्नाशीला जा एकटा, मी डबा बांधून देईन. लेकीला (वय १३) क्वालालंपूरचे मॉल हवे होते, मुलाला (वय ८) फक्त कासवं. माझा नियम एकच होता: एका ठिकाणी चार रात्रींपेक्षा कमी राहायचं नाही. पंचाहत्तरीला आलेल्या माणसाला दर दोन दिवसांनी बॅग भरायला लावणं ही सहल नव्हे, बदलीची नोकरी आहे. शेवटी विमानाच्या आदल्या दिवसाची एक रात्र तेवढी नियमाबाहेर राहिली.

तर असं ठरलंय. क्वालालंपूर चार रात्री, पेनांग पाच, कॅमेरॉन हायलँड्स चार, बेटावर चार, आणि परतीच्या आधी क्वालालंपूरला एक.

क्वालालंपूरबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. ब्रिकफील्ड्सजवळ राहा, केळीच्या पानावरचं जेवण चालत जाण्याच्या अंतरावर मिळतं. बाटू केव्ह्जला २७२ पायऱ्या आहेत. मुलं आणि नवरा चढतील, आई खाली मुरुगनच्या ४२.७ मीटरच्या पुतळ्याला तिथूनच हात जोडेल, आणि मी तिच्याबरोबर शहाळं पीत बसेन. याची मी वाट बघतेय.

तिथून पेनांगला रेल्वेने. केएल सेंट्रल ते बटरवर्थ साधारण चार तास, पुढे जॉर्जटाऊनला फेरीबोट, दहा-पंधरा मिनिटं. बाबांना रेल्वे प्रचंड आवडते, म्हणून विमान मुद्दाम टाळलं. जॉर्जटाऊन २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. एकाच रस्त्याच्या आसपास मशीद, चिनी देऊळ, मारिअम्मनचं देऊळ आणि चर्च. पेनांग हिलवर १९२३ पासून रुळांवरची गाडी जाते, त्यामुळे गुडघ्यांचा प्रश्नच नाही. आणि हे दिवस डुरियनचे. फणसाचा लांबचा, बदनाम चुलतभाऊ समजा. हॉटेलात न्यायला बंदी असते. बाबा बाहेर बाकावर बसून खाणार, असं त्यांनी जाहीर केलंय.

शाकाहारींसाठी एक सूचना. नुसती पालेभाजी मागितली तरी तिच्यात बेलाचान असू शकतं, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीची पेस्ट. दिसत नाही, वासावरून कळतं, तेही उशिरा. ऑर्डर देतानाच नाव घेऊन विचारायचं.

पेनांगहून कॅमेरॉनला गाडी केली आहे. दोन रस्ते आहेत. तापाहवरून जाणारा जुना, वळणावळणाचा, आणि सिंपांग पुलाईवरून जाणारा रुंद आणि कमी वळणांचा. ज्यांच्या घरी गाडी लागणारं माणूस आहे (आमच्याकडे तीन आहेत) त्यांनी ड्रायव्हरला आधीच दुसरा सांगून ठेवा. उंची दीड हजार मीटरच्या आत, म्हणजे आपलं महाबळेश्वर आणि थोडं वर. विरळ हवेचा त्रास नाही, चहाचे मळे, संध्याकाळी स्वेटर. बाबांच्या हृदयात दोन स्टेंट आहेत, तेव्हा डोंगर निवडताना मी आधी हाच आकडा बघितला.

आता बेट. खरी पोस्ट इथून पुढे आहे.

दोन पर्याय होते. लंकावी: विमानतळ, रस्ते, हॉस्पिटल, सगळं. पण पश्चिम किनाऱ्यावर, त्या दिवसांत तिथे पावसाच्या सरी आणि गढूळ पाणी. दुसरा, पर्हेंतियान. पूर्व किनारा, काचेसारखं पाणी, गाड्या नाहीत, रस्ते नाहीत, एटीएम नाही. क्वाला बेसूतच्या धक्क्यावरून स्पीडबोट, अर्धा-पाऊण तास, लाटांवर आपटत. काही झालं तर त्याच बोटीने परत किनाऱ्यावर.

पुण्याहून दादाचा फोन आला. "रिस्क कशाला? तू तिकडे राहतेस, काही झालं तर निस्तरायचं मला." त्याचं चूक नाही. गेल्या वेळी मध्यरात्री बाबांना हॉस्पिटलात नेलं ते त्यानेच, मी इथे मोबाइल उशाशी घेऊन बसले होते. परदेशातल्या लेकीला मत द्यायचा अधिकार किती, हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात असतो.

म्हणून दोन्ही बेटं व्हिडिओ कॉलवर बाबांसमोर ठेवली. अडचणींसकट. बाबांचं गाव मंडणगड तालुक्यात, वेळासजवळ. आता वेळास म्हटलं की सगळ्यांना कासव महोत्सव आठवतो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये तिथे घरटी राखायला सुरुवात केली. पण बाबांचं लहानपण त्याच्या फार आधीचं. ते म्हणाले, "आम्ही पोरं पहाटे किनाऱ्यावर माग काढत जायचो. रेतीत ट्रॅक्टर गेल्यासारखा पट्टा असतो. अंडी उकरायची, टोपलीत घालून घरी. खायचो आम्ही. मादी एकदाच बघितली, परत समुद्रात जाताना, पाठमोरी. पाण्यात कशी दिसते ते कधीच बघितलं नाही."

मी हे चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. मुलगा तर गप्पच झाला होता. मग म्हणाला, "आजोबा, यू एट देम?" बाबा म्हणाले, "हो. म्हणून तर आता बघायचंय." तिथेही अंडी खायची रीत होतीच, त्या राज्यात आता विक्रीवर बंदी आहे. पर्हेंतियानला हिरवी कासवं अंडी घालायला येतात ती याच महिन्यांत.

दादा त्या कॉलवर होता. तो म्हणाला, "डॉक्टर हो म्हणाले तर माझं काही म्हणणं नाही."

डॉक्टर हो म्हणाले, अटींसह. इको आणि स्ट्रेस टेस्ट झाली. लाइफ जॅकेट घालूनच, एकटं नाही, जेवल्यावर लगेच नाही, दम लागला की बाहेर. प्रवासाच्या विम्यात स्टेंट लिहून जास्तीचा हप्ता भरलाय. लपवू नका हो, दावा नाकारायला त्यांना तेवढंच पुरतं. गोळ्या हातातल्या पिशवीत, प्रिस्क्रिप्शनसकट. हॉटेल असं घेतलंय ज्याला स्वतःचा धक्का आहे. बऱ्याच ठिकाणी गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं, ते आईला जमणार नाही. कॅमेरॉनहून किनाऱ्यापर्यंत गाडीने पाच-सहा तास. म्हणून ती रात्र किनाऱ्यावरच काढायची आणि बोट सकाळची, लाटा कमी असतात तेव्हा. म्हणजे बेटाच्या चारातली एक रात्र गेली, चालेल. येताना कोटा भारूहून विमान.

मलय भाषेत पर्हेंतियान म्हणजे थांबा. आईला सांगितलं तर म्हणाली, "बरं झालं, कुठेतरी थांबणार आहात."

मुलाला दमा आहे म्हणून इनहेलर जास्तीचे घेतलेत. काही वर्षी ऑगस्टपासून सुमात्राकडच्या आगींचा धूर पश्चिम किनाऱ्यावर येतो. आईने विमानतळावर व्हीलचेअर घ्यायला साफ नकार दिलाय. ती लढाई मी दादावर सोपवली आहे.

एकच विचारायचं होतं. तुमच्यापैकी कुणी आई-वडिलांना अशा स्पीडबोटीतून नेलंय का? मागे बसवलं की कमी आपटतं, असं सगळे सांगतात. आईसाठी मागची जागा आणि पाठीला उशी नक्की. बाबांना मात्र पुढे बसायचंय.