भिंतीआडच्या दोन कथा

माझ्या हातून ज्या काही श्रुतिका लिहून झाल्या, त्यांमागे दोघांचं ऋण आहे: आमच्या इंग्रजीच्या सरांचं आणि पटकथाकार रिचर्ड मॅथेसनचं. मॅथेसनची ओळखही सरांनीच करून दिली.

सरांकडे ‘टेल्स ऑफ टेरर’ची व्हिडिओ कॅसेट होती. रॉजर कॉर्मनचा १९६२ सालचा चित्रपट. एडगर ॲलन पोच्या कथांवर बेतलेले तीन भाग, तिन्हींत व्हिन्सेंट प्राइस. कॅसेट मागितली की सर आधी पोचं पुस्तक हातात ठेवत. “वाचून ये, मग लावू.” मी ‘द ब्लॅक कॅट’ वाचली, ‘द कास्क ऑफ अमाँटिलाडो’ वाचली. एकीत दारुडा नवरा बायकोचा खून करून प्रेत तळघराच्या भिंतीत चिणतो. दुसरीत सुडाने पेटलेला माणूस मित्राला उंची मद्याचं आमिष दाखवून भुयारात नेतो आणि जिवंत चिणतो. सरांनी विचारलं, “दोन्हींत सारखं काय?” मी म्हणालो, “भिंत.” “मॅथेसनला तेवढंच पुरलं,” म्हणत त्यांनी कॅसेट लावली.

मधल्या भागात त्या दोन कथांची एक झाली आहे. पीटर लॉरेचा दारुडा आणि प्राइसचा मद्यपारखी यांच्यात मद्य ओळखायची चढाओढ लागते. प्राइस पेला नाकाशी नेतो, घोट तोंडात घोळवतो, गाल फुगवतो. लॉरे सरळ घशाखाली ओततो. उत्तरं दोघांचीही बरोबर! ही चढाओढ पोने लिहिलेली नाही, पण पुढचं सगळं तिच्यातूनच घडतं. पारखी झिंगलेल्या लॉरेला घरी पोचवायला येतो, त्याच्या बायकोशी सूत जुळतं आणि अखेर दोघंही भिंतीआड जातात. मांजर मात्र पोचंच. पोलिसांसमोर भिंतीतून ओरडून तेच खुन्याला पकडून देतं. रूपांतरात काय हलवायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे मी तिथे शिकलो.

वाल्डेमारचा शेवटचा भाग मला तितका पटत नाही. पोच्या कथेत मरणाऱ्या वाल्डेमारला संमोहित करणाऱ्याला निव्वळ कुतूहल असतं. चित्रपटात त्याला वाल्डेमारची बायको हवी असते. बेसिल रॅथबोन काम चोख करतो, पण सरळसरळ खलनायक आला की मूळची धास्ती उणावते. सरांना हे अजिबात मान्य नव्हतं. आम्ही त्यावरून तासन्‌तास वाद घालत असू.

सर आता नाहीत. त्यांच्या वतीने मीच सांगतो: हा चित्रपट बघणार असाल, तर आधी त्या दोन कथा वाचा. एका बैठकीत होतात.