मयसभेत दोन दिवस

बारामतीत मराठी शिकवायचे म्हणजे मोरोपंत टाळता येत नाहीत. अभ्यासक्रम कितीही वेळा बदलो, ज्या गावात पंतांनी आयुष्याचा मोठा भाग काढला आणि 'आर्याभारत' रचले, त्या गावच्या वर्गात त्यांचे नाव निघतेच. आणि भारताची कथा निघाली की सभापर्वाशी कुणीतरी विद्यार्थी हमखास अडतो. दुर्योधनासारखा राजपुत्र पाण्याला जमीन समजून पडतो कसा? आमच्यापैकी एक बारामतीत शिकवते, दुसरा इंदापुरात. दोघांनीही या प्रश्नाची उत्तरे आजवर पुस्तकी दिली. २०२४ च्या जुलैत लास व्हेगासला दोन दिवस काढले, तेव्हा तो राजपुत्र कसा पडला असेल ते आम्हांला अंगाने कळले.

त्या वर्षी जूनअखेर सॅन होजे येथे बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशन होते. ते आटोपल्यावर तिकडे स्थायिक झालेल्या भाचीने आम्हांला गाडीत घातले. व्हेगास हे नाव ऐकताच आम्ही प्राध्यापकी नाक मुरडले होते, हे कबूल केले पाहिजे. उंबेर्तो एको या इटालियन लेखकाने १९७५ साली अमेरिकेतील नकलांच्या प्रदेशाचा प्रवास लिहिला, ज्याँ बोद्रियारने प्रतिकृतीचे तत्त्वज्ञान मांडले. नेट-सेटच्या तयारीत ही नावे आम्ही इतकी घोकली होती की ते शहर न पाहताच त्याविषयीचे आमचे मत तयार होते.

पहिल्याच संध्याकाळी त्या मताला तडे गेले. १९९३ साली उघडलेले लक्सर म्हणजे काळ्या काचेचा तीस मजली पिरॅमिड. त्याच्या उतारावरून लिफ्ट तिरक्या चढतात. पलीकडे न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारती दाटीवाटीने उभ्या आणि त्यांच्यापुढे स्वातंत्र्यदेवी. आयफेल टॉवर मूळच्या निम्म्या उंचीचा, आणि त्याचे पाय हॉटेलाच्या छपरातून खाली थेट जुगाराच्या दालनात उतरलेले. हे सारे भडक आहे, पण गलथान नाही. हात राखून केलेली नक्कल आम्ही गावोगावच्या लग्नमंडपांत पाहतो. इथे हात राखलेला नव्हता.

स्वातंत्र्यदेवीची गोष्ट तर आमच्या वर्गासाठीच घडलेली वाटावी. २०१० च्या अखेरीस अमेरिकेच्या टपाल खात्याने तिच्या मुखवट्याचे तिकीट काढले, आणि छायाचित्र चुकून घेतले ते व्हेगासच्या प्रतिकृतीचे. ती घडविणारा शिल्पकार न्यायालयात गेला. माझ्या देवीचा चेहरा मूळ देवीचा नाही, तो मी माझ्या सासूबाईंच्या छायाचित्रावरून मऊ केला आहे, असे त्याचे म्हणणे. २०१८ साली न्यायालयाने ते मानले आणि पस्तीस लाख डॉलर द्यायला लावले. नक्कल स्वतंत्र निर्मिती ठरली ती सासूबाईंच्या चेहऱ्यामुळे! काव्यशास्त्रातली अनुकृतीची चर्चा इतक्या घरगुती मुक्कामाला पोहोचलेली आम्ही प्रथमच पाहिली.

दुसऱ्या दिवशी, ७ जुलैला, त्या शहरातील उष्णतेचा आजवरचा उच्चांक नोंदला गेला. १२० अंश फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ ४९ सेल्सिअस. इंदापूरच्या मे महिन्यात वाढलेल्या माणसालाही रस्त्यावर दहा मिनिटे काढवत नव्हती. म्हणून दिवसभर एका थंड इमारतीतून दुसरीत जात राहिलो, आणि या रचनेची मेख लक्षात आली. व्हेनिसला जा की पॅरिसला, वाट जुगाराच्या दालनातूनच जाते. तिथे खिडकी नाही, घड्याळ नाही. महाभारतातही मयसभा आणि द्यूतसभा शेजारीशेजारीच येतात, हे आम्ही इतकी वर्षे शिकवूनही नीट पाहिले नव्हते. पांडवांची सभा पाहून जळफळलेला दुर्योधन घरी येतो, मग धृतराष्ट्र हजार खांबांची, शंभर दारांची नवी सभा बांधवून घेतो आणि सभा पाहायला या, असे पांडवांना निमंत्रण जाते. स्थलदर्शनाचेच ते निमंत्रण. फासे नंतर पुढे येतात.

व्हेनेशियन हॉटेलात दुसऱ्या मजल्यावर कालवा आहे. वर रंगवलेले आकाश, कायमची सायंकाळ; खाली निळसर पाण्यात गोंडोला आणि गाणारा नावाडी. आम्ही पुलावर उभे राहून इंदापूरला फोन लावला. तिकडे पहाट होती, पण आई उठलेल्या असणार हे ठाऊक होते. पडद्यावर त्यांनी ते सारे पाहिले. दाराला लागलेले पाणी, खिडक्या, कमानी, होडीतली माणसे. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या,

"घराच्या उंबऱ्याला पानी लागलंय, अन् मान्सं हसत्यात व्हय गं?"

आम्ही हसलो नाही. म्हणालो, "आई, हे खोटं गाव आहे. देखावा आहे."

"खोटं का असंना. हितली मान्सं कुठं गेली?"

आईंचे सासर पळसदेवचे. भीमेवर उजनी धरण झाले, १९८० साली पुरे झाले, आणि नदीकाठचे जुने पळसदेव जलाशयात गेले. गाव पुणे-सोलापूर रस्त्याच्या कडेला येऊन वसले. आमच्यापैकी एकाचा जन्म त्या नव्या गावठाणातला. जुने पळसनाथाचे देऊळ पाण्यात राहिले. ते दिसते ते दुष्काळात. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी मृतसाठ्याच्याही निम्म्याखाली गेली, देऊळ उघडे पडले आणि लोकांची रीघ लागली. आम्हीही मे महिन्यात आईंना घेऊन गेलो. भेगाळलेल्या गाळातून त्या काठी टेकत चालल्या, देवळाकडे फारसे न पाहता दगडांच्या एका ओळीपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "ही चूल." आजूबाजूला तरुण मुले देवळासमोर फोटो काढत होती. कुणी खारे दाणे विकत होते.

मोबदला मिळाला होता. तो कुठे गेला, हे आमच्या घरात मोठ्याने सांगितले जात नाही. वडिलांना पत्त्यांचा नाद होता. उसाचे पैसे जसे एकदम येतात तसेच बुडिताचे पैसे एकदम आले, आणि हायवेच्या कडेला एका खोलीत तीन पत्तीवर त्यातले बरेचसे गेले. जमिनीऐवजी हाती नोटा आलेल्या माणसाला त्या खेळण्याच्याच वाटत असतील का, असे आज आमच्या मनात येते. तेव्हा घरात नुसती उपासमार होती. ऋग्वेदातल्या अक्षसूक्तात हरलेल्या जुगाऱ्याला शेवटी फासे टाकून शेती कर असे सांगितले आहे. वडिलांपाशी तेवढीही सोय उरली नव्हती. आई शेतमजुरीला गेल्या. तेव्हापासून आमच्या घरात दिवाळीच्या सुट्टीतही पत्त्यांचा जोड येत नाही.

आणि तरी आम्ही खेळलो. हेच सांगायचे होते, आणि ते सांगायला इतका वळसा घेतला.

व्हेगासमधल्या या थाटाच्या हॉटेलांची लाट ज्याने सुरू केली ते १९८९ सालचे मिराज, म्हणजे मृगजळ, त्या महिन्यात बंद होणार होते. १७ जुलै ही तारीख ठरली होती. बाहेरचा कृत्रिम ज्वालामुखी पाहायला गर्दी, आत यंत्रांत साठलेली बक्षिसे बंद होण्यापूर्वी वाटून टाकायची म्हणून आणखी गर्दी. भाची म्हणाली, मावशी, आता हे पुन्हा दिसायचे नाही. आम्ही वीस डॉलरची नोट यंत्राला दिली. मोजून दहा-बारा मिनिटे. पहिल्यांदा नऊ डॉलर आले तेव्हा आमच्यापैकी एकाने दुसऱ्याचा हात इतका घट्ट धरला की वळ उठला. हात कुणाचा, धरला कुणी, ते लिहीत नाही. शेवटी यंत्रातून एक चिठ्ठी निघाली, एक डॉलर चाळीस सेंटची. नाणी हल्ली निघत नाहीत. खिडकीवर जाऊन ती वटवायची लाज वाटली.

परतीच्या वाटेवर हूवर धरण पाहिले. १९३५ सालचे ते प्रचंड काम. मागे मीड सरोवर, आणि त्याच्या खडकांवर पाणी ओसरल्याचा पांढरा पट्टा, आमच्याकडे हौदाच्या आत उमटतो तसा. व्हेगासचे जवळजवळ नव्वद टक्के पाणी इथलेच. या सरोवरातही एक गाव आहे, सेंट थॉमस. १९३८ साली त्याचा शेवटचा रहिवासी होडीत बसून घराबाहेर पडला. अलीकडच्या दुष्काळात तेही वर आले असून पायऱ्या, जोती, विहिरी दिसतात. त्या उन्हात तिथवर जाणे शक्य नव्हते. पण आईंच्या प्रश्नाला द्यायला आमच्याजवळ आता निदान एक उत्तर होते.

व्हेनेशियनच्या जागी काय होते तेही आम्ही नंतर वाचले. सँड्स नावाचे जुने हॉटेल, १९९६ साली पाडलेले. म्हणजे तिथून कुणी उठले नव्हते, कुणी देव्हारा डोक्यावर घेऊन निघाले नव्हते. नव्या पळसदेवात पळसनाथाचे नवे देऊळ आहे. त्याला जुन्या शिल्पांची सर नाही. शिल्पाच्या कसोटीवर लावायचे तर व्हेगासची कारागिरी त्याहून सरस भरेल. पण त्या देवळाला नक्कल म्हटलेले आम्ही कधी ऐकलेले नाही, आणि आई तर सोमवारी तिथेच जातात. प्रतिकृतीवर आजवर आम्ही जे शिकवीत आलो त्यात ही गोष्ट कुठे बसवावी ते अद्याप ठरलेले नाही. येत्या सत्रात प्रश्न विद्यार्थ्यांपुढेच ठेवणार आहोत.

जुलैच्या अखेरीस घरी आलो तेव्हा वरच्या धरणांतून पाणी येत होते. पुढच्या काही दिवसांत देऊळ पुन्हा बुडाले. आईंना हूवर धरणाचे फोटो दाखविले, सेंट थॉमसचे सांगितले. "मग तितंबी लोक उठलंच की," एवढेच त्या म्हणाल्या. नंतर सामान आवरताना 'आर्याभारता'च्या प्रतीतून ती चिठ्ठी गळून पडली. आईंनी उचलली, उलटसुलट करून पाहिली. "हे काय गं?"

"काही नाही आई. जेवणाचं बिल आहे."

त्यांनी ती घडी घालून पुस्तकात परत ठेवली.