शिळा पानगा

पळसाच्या दोन पानांमध्ये ठेवून गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजलेली गव्हाची जाड भाकर म्हणजे पानगा. हाच पानगा रात्र उलटली की शिळा होतो. ताज्या पानग्याचे कौतुक विदर्भात सगळेच करतात; शिळ्याकडे कोणी फारसे पाहत नाही. वास्तविक वरोरा-भद्रावतीच्या बाजूला वाढलेल्या माणसाला ताज्यापेक्षा शिळाच पानगा अधिक वेळा खायला मिळतो. ताज्याला एकच दुपार असते. उरलेला मात्र दोन-तीन दिवस शिंकाळ्यातल्या टोपलीत पडून राहतो.

आधी एक घोळ मिटवायला हवा. शिळे आणि उष्टे यांची गल्लत होते. उष्टे अन्न कोणाच्या तरी तोंडाशी लागलेले असते, शिळ्यावरून फक्त वेळ गेलेली असते. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दोन्ही तामस आहारात मोडतात, पण घरातला व्यवहार इतका कडक नव्हता. उष्टे बाजूला जायचे, शिळे तव्यावर जायचे. श्रावणातल्या शीतळा सप्तमीला तर आदल्या दिवशीचे अन्न खाणे हाच नेम, त्या दिवशी चूल पेटत नाही.

पानग्याचा हंगाम थंडीचा आणि त्याला कारणे आहेत. वांगी तेव्हा भरात असतात. पावसाळ्यानंतर गोवऱ्या कडकडीत वाळलेल्या असतात आणि रानात गेले तर रानगोवऱ्याही वेचता येतात. पळसाची पाने या काळात जून झालेली असतात, चामड्यासारखी चिवट. थंडी सरता सरता ती गळतात, मग झाड केशरी फुलांनी पेटते आणि नवी पालवी त्यानंतर येते. ती पालवी इतकी कोवळी असते की निखाऱ्यावर टिकणार नाही. पळसाला पाने तीनच हे खरे, पण पानगे करणाऱ्याला त्यातले मधले हवे असते, कारण ते सर्वांत रुंद असते.

कणीक जाडसर दळलेली घेतात. तिच्यात मीठ, ओवा आणि तेलाचे सढळ मोहन घालून ती घट्ट मळतात, मग तळव्याएवढा गोळा बोटापेक्षा जाड थापतात. खाली पान, वर पान. गोवऱ्यांची आच बसली, धूर संपला, लाल निखाऱ्यावर पांढरी साय धरली की पानगे मांडायचे. पान आधी फसफसते, मग काळे पडते आणि शेवटी कडेने जळून जाते. तेवढ्या वेळात पिठातले पाणी वाफ होऊन आतल्या आत कोंडलेले असते. पानगा काढून राख झटकली की जळलेल्या पानाच्या शिरा त्याच्या पाठीवर उमटलेल्या दिसतात. मग मुठीने फोडायचा आणि तूप ओतायचे. सोबत वांग्याची रस्सा भाजी.

पानगे उरतातच. गोवऱ्यांचा आर चार पानग्यांपुरता पेटवता येत नाही. एकदा रचला की वीस-पंचवीस भाजून होतात आणि शेतात जेवायला सांगितलेल्यांपैकी दोघे येत नाहीत. शिवाय पानगा पोटात बसतो. तीन खाईन म्हणणारा दीडावर हात टेकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाच पानगा ओट्यावर आपटला तर आवाज येतो. तो वाळला असे घरात म्हणतात, पण ते अर्धेच खरे आहे. ज्याँ-बातिस्त बूसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५२ मध्ये दाखवले की पाव हवाबंद ठेवला, त्यातले पाणी जराही जाऊ दिले नाही, तरी तो शिळा होतो. आणि पुन्हा तापवला तर मऊ होतो. कारण पिठातल्या स्टार्चमध्ये आहे. भाजताना स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि त्यांची मूळची घट्ट रचना सुटते. थंड झाल्यावर ती रचना हळूहळू पुन्हा बांधली जाते आणि पीठ ताठर होते. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे हे नवे बंध पुन्हा सुटतात. शिळे अन्न तापवून ताजे करण्यामागची सगळी विद्या एवढीच. मात्र प्रत्येक तापवणीत थोडे पाणी उडते, म्हणून पानगा एकदा परत येतो, दुसऱ्यांदा जेमतेम आणि तिसऱ्यांदा येत नाही.

यातूनच पुढची गोष्ट निघते. स्टार्च सर्वांत लवकर ताठर होतो तो शून्याच्या थोडे वर, नेमका फ्रिजमधल्या गारव्याला. म्हणजे पानगा जपण्यासाठी फ्रिजमध्ये ठेवणे हा तो लवकर शिळा करण्याचा उपाय आहे. शिंकाळे बरे. आठवडाभर ठेवायचाच असेल तर बर्फाच्या कप्प्यात, कारण उणे १८ अंशाला ही क्रिया जवळजवळ थांबते.

स्कॉटलंडमधला स्कोन हा पानग्याचा लांबचा भाऊबंद म्हणता येईल. तोही जाड, तळव्याएवढा, स्निग्धांश घातलेला, ताजा खावा असा आणि दुसऱ्या दिवशी हमखास उरणारा. तो मुळात चुलीवरच्या लोखंडी तव्यावर भाजत. १८४३ मध्ये आल्फ्रेड बर्डने इंग्लंडमध्ये बेकिंग पावडर तयार केली आणि पुढे स्कोन फुगू लागला. पानगा फुगला नाही. त्यात सोडा नाही, आंबवण नाही, म्हणून त्याचा गर दाट असतो आणि उष्णता आत पोचायला वेळ लागतो. जाडी दुप्पट झाली तर हा वेळ दुप्पट नव्हे, सुमारे चौपट होतो. पानगा अख्खा तापवला की बाहेरून करपतो आणि मधे गारच राहतो, तो यामुळेच. आडवा चिरून दोन चकत्या केल्या की काम सोपे. विदर्भातल्या बायका हे गणित न मांडता करत आल्या आहेत.

पानग्याचा मुलूखही ठरलेला आहे. चंद्रपूर जिल्ह्याचा पश्चिम भाग कापूस, ज्वारी, गव्हाचा. मूल ओलांडून सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरीकडे निघाले की मालगुजारी तलाव आणि धानाच्या बांध्या लागतात आणि वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत तर भातच. दादाजी खोब्रागडे यांनी एचएमटी हे बारीक तांदळाचे वाण निवडून काढले ते नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावात. त्या झाडीपट्टीत पानगा पाहुणा म्हणून येतो, शिळे म्हणून घरात असतो तो भात. रात्री पाण्यात घातलेला भात सकाळी कांदा-मिरचीसोबत खाऊन माणसे मोहफुले वेचायला, तेंदूपानाला निघतात. या भाताची जात मात्र वेगळी. शिजताना न मेलेले काही जिवाणूंचे बीजाणू उघड्यावरच्या कोमट भातात वाढतात आणि त्यांनी सोडलेले एक विष पुन्हा उकळूनही जात नाही. म्हणून भात तापवला म्हणजे निर्धोक झाला, असे नाही. पानगा कोरडा असल्यामुळे या धोक्यातून बराचसा सुटतो. त्याचा शत्रू बुरशी. त्याच्याबरोबरची वांग्याची भाजी मात्र भातासारखीच जपावी लागते.

लहानपणी शिळा पानगा चुलीत येतो. सकाळी चहा झाला की चुलीतले जळते लाकूड मागे ओढतात आणि पुढे फुफाटा उरतो, निखारे बारीक झालेली गरम राख. आजी पानगा तांब्यातल्या पाण्यात बुडवून लगेच काढते. बुडवणे एका श्वासाचे, त्याहून जास्त नाही, नाहीतर वरचा पापुद्रा लगदा होतो. मग पळसाचे ओले पान गुंडाळून तो फुफाट्याच्या कडेला सारायचा आणि वर चिमट्याने राख ओढायची. पोर उकिडवे बसून वाट बघते. पानाचा चुर्र आवाज थांबला की एकदा उलटायचा. बाहेर काढल्यावर वास पहिल्या दिवसाचाच येतो, कारण पान नवे असते. घरात केलेल्या सगळ्या तापवण्यांत हीच सर्वांत चांगली. ओलावा, झाकण आणि मंद आच तिन्ही एकाच जागी मिळतात. पुढे जी साधने आली त्यांना यातले एक किंवा दोनच जमले.

शिकायला किंवा कामाला चंद्रपुरात आले की चूल सुटते आणि सिगडी येते. या भागात दगडी कोळसा काही नवा नाही. वरोऱ्याला सरकारी खाण सुरू झाली ती १८७० च्या दशकात. बल्लारपूर, घुग्घुस, दुर्गापूरकडच्या वस्त्यांमध्ये कोळशाची सिगडी दारात पेटवून धूर ओसरला की आत घेण्याची रीत वर्षानुवर्षे चालली. या सिगडीवर पानगा थेट ठेवता येत नाही. कोळशाचा गंधकासारखा वास गव्हाला लगेच धरतो आणि तुपानेही जात नाही. म्हणून मधे तवा आला, तव्यावर उपडे ताट आणि ताटाखाली पाण्याचे चार थेंब. पान या वळणावर सुटले ते कायमचे. शहरात पळस नाही असे नाही, रस्त्याच्या कडेला पुष्कळ आहे. पण एका चकतीसाठी पाने तोडायला कोण जातो?

कामावरच्या डब्यातला पानगा हा वेगळा अध्याय. खाणीत किंवा वीज केंद्रात रात्रपाळी असेल तर डबा गार होतो आणि सभोवती एवढी उष्णता असूनही जेवण तापवायला जागा मिळेलच असे नसते. अनुभवी माणसे पानगा घरीच फोडून भाजीच्या रश्श्यात घालून आणतात. चार तासांत तो रस्सा पितो. तापवणीचे अर्धे काम पाण्याचे असते हे इथे दिसते: आच नसेल तर ओलावा आणि वेळ यांवर भागते, फक्त कुरकुरीत पापुद्रा विसरायचा.

गॅस आल्यावर काही वर्षे तव्याचीच पद्धत चालू राहिली. खेड्यांत १ मे २०१६ ला सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनंतर सिलिंडर पोचले. त्यांनी बायकांच्या डोळ्यांतला धूर कमी केला, हे आधी नोंदवायला हवे. फुफाटा मात्र गेला. गॅसची ज्योत बंद केली की संपली, मागे काही उरत नाही. काही घरांत आंघोळीच्या पाण्याची चूल अंगणात आहे, तिथे पानगा अजून राखेत जातो.

प्रेशर कुकरात भाताच्या डब्यावर ठेवलेला पानगा मऊ होतो, पण ओलसर फुगलेल्या पुठ्ठ्यासारखा. मायक्रोवेव्हमध्ये तो अर्ध्या मिनिटात वाफाळतो, तेवढ्याच वेळात खाल्ला तर ठीक. ताटात दोन मिनिटे राहिला की आधीपेक्षा चिवट होतो, कारण तापताना आतले पाणीच बाहेर ढकलले जाते. पुण्याला किंवा परदेशी गेलेल्या मुलांसोबत पानगे दिले जातात ते गोठवून. तिथल्या ओव्हनमध्ये ते ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून १८० अंशांवर दहा-बारा मिनिटे ठेवतात आणि शेवटची दोन मिनिटे कागद उघडतात. वर पाण्याचा हात फिरवलेला असेल तर पापुद्रा परत येतो. त्या कागदाने पळसाचे काम केले म्हणायला हरकत नाही, वासापुरते सोडून.

ज्याला तापवूनही अर्थ नाही अशा तिसऱ्या दिवसाच्या पानग्याला कुटतात. खलबत्त्यात किंवा पाट्यावर भरड करून त्यात गूळ-तूप घातले तर मलिदा, कांदा-मिरची-हळदीची फोडणी दिली तर तिखट कुस्करा. मलिद्यासाठी पानगा जितका कोरडा तितका बरा, ओला असेल तर त्याचा गोळा होतो. म्हणजे दोन दिवस जी खोड होती ती इथे गुण ठरते आणि काही घरांत दोन पानगे मुद्दाम वाळू देतात ते यासाठीच.

म्हातारपणी दात गेले की पानगा ताजा काय नि शिळा काय, सारखाच कठीण. तेव्हा सून किंवा नात पहिल्याच दिवशी त्याचा पापुद्रा काढून टाकते, आतला गर वाटीत चुरते आणि वर पातळ गरम वरण ओतते. झाकण ठेवून पाव तास थांबायचे. चमच्याच्या पाठीने दाबून पाहायचे. कण लागला तर अजून दोन चमचे वरण. काढलेला पापुद्रा ताटाच्या कडेला असतो, त्यावर पानाच्या शिरा अजून उमटलेल्या असतात, आणि तो बहुधा घरातले लहान पोर चघळायला घेते.