सायकलचा पार्ट कधी बदलायचा, हे कोण ठरवणार?

सायकल बिघडली की आपल्याकडे दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे, "चालतीय ना? मंग चालू द्या." दुसरा, "भंगारात टाका, नवी घ्या." पहिला सल्ला घरातून येतो, दुसरा दुकानातून. हे सल्ले देणारा त्या सायकलवर बसत नसतो. जी बसते, तिला कोणी विचारत नाही.

आम्ही चार-पाच कार्यकर्ते नांदगावात रविवारी सकाळी समाजमंदिराच्या ओट्यावर पाने, पंप आणि सोल्यूशनची ट्यूब घेऊन बसतो. वस्तीतल्या आणि आसपासच्या मळ्यांतल्या सायकली येतात. निम्म्याहून अधिक शाळेच्या मुलींच्या असतात. राज्यात मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी अनुदान मिळतं. चांगली योजना आहे, तिचं स्वागतच आहे. पण अनुदान मिळतं ते सायकल घेण्यासाठी. वाटपाच्या दिवशी फोटो निघतो. त्यानंतर आठवीपासून बारावीपर्यंतचा मुरूम, सराटे आणि खड्डे त्या मुलीच्या आणि तिच्या घराच्या वाट्याला येतात.

आमचा अनुभव असा, की अंगणात उभी राहिलेली सायकल मोठ्या बिघाडामुळे क्वचितच उभी असते. ती उभी असते एका लहान पार्टमुळे, जो वेळेवर बदलला नाही. आणि वेळेवर बदलला नाही, कारण पैसे ज्याच्या खिशात आहेत त्याला तो बिघाड जाणवतच नव्हता.

ब्रेकचंच घ्या. ब्रेकचं रबर झिजलं तरी सायकल चालते, फक्त थांबत नाही. मग मुली ती पायाने थांबवतात. आम्ही आता सायकल पाहण्याआधी चप्पल पाहतो. उजव्या चपलेची टाच घासून तिरकी झाली असेल, तर ब्रेक गेलाय हे न सांगता कळतं. वर्षात दोनदा चप्पल घेऊन देणारा बाप ब्रेकचे रबर टाकायला मात्र पुढच्या महिन्याचा वायदा करतो, आणि रबर येतात दोन वडापावच्या पैशांत! याला गरिबी म्हणायचं का? आम्ही म्हणत नाही. रबर इतकं झिजलं की लोखंडी शू रिमला घासायला लागतो, तेव्हा रिमही खराब होते. वीस-तीस रुपये वाचवायला गेलेलं घर मग चाकाचा खर्च करतं. रबर बदलताना एक गोष्ट मात्र पाहून घ्या. शूचं एक तोंड बंद असतं, एक उघडं. चाक ज्या दिशेला फिरतं त्या बाजूला बंद तोंड आलं पाहिजे. उलटं बसवलं तर उतारावर जोरात ब्रेक दाबताच रबर शूमधून निसटून जाऊ शकतं. ब्रेकच्या वायरची एक तार जरी तुटलेली दिसली, तरी वायर बदलायची. तिथे "चालतीय ना" चालणार नाही.

चेनची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे फसवणूक जास्त होते. चेन सैल झाली, उतरायला लागली, की बरेचदा एक उपाय होतो. कडी काढून ती छोटी करायची. चेन ताठ होते, मुलगी घरी जाते, आणि आठवड्यात चढावर पायडल मारताना चेन दातांवरून सटकते. ती तोंडावर पडते. असं का होतं, हे समजून घेतलं पाहिजे. चेन लांबते म्हणजे तिच्या पिना आणि बुश झिजतात, आणि प्रत्येक कडीत थोडं थोडं अंतर वाढतं. कडी काढल्याने एकूण लांबी कमी झाली, पण उरलेल्या प्रत्येक कडीतलं वाढलेलं अंतर तसंच राहिलं. ती दातांत नीट बसणार कशी?

यासाठी मिस्त्रीच्या शब्दावर राहायची गरज नाही. शाळेची मोठी पट्टी घ्या. एका पिनच्या मध्यापासून चोवीस कड्या मोजा, नव्या चेनमध्ये ते अंतर बरोबर बारा इंच भरतं. अर्धा सूत वाढलं असेल तर आताच चेन बदला, दाते वाचतील. पूर्ण सूत वाढलं असेल, म्हणजे इंचाचा आठवा भाग, तर बहुतेक वेळा फ्रीव्हीलचे दातेही झिजून टोकदार झालेले असतात. मग नुसती चेन बदलून भागत नाही, नवी चेन जुन्या दातांवर सटकतच राहते. एवढं मोजमाप आठवीतल्या मुलीला येतं. एकदा आमच्याकडे शिकलेल्या एकीने दुकानात जाऊन पट्टी लावून दाखवली आणि म्हणाली, "काका, अर्धाच सूत आहे, फ्रीव्हील नको." काका हसले आणि फक्त चेन टाकून दिली. चांगला मिस्त्री अशा गिऱ्हाईकावर रागावत नाही, हेही नोंदवून ठेवतो.

पंक्चरबद्दल फार लिहीत नाही, आपल्या भागात सराट्याने सगळ्यांनाच त्यात पदवी दिली आहे. फक्त पॅच लावण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा, नाहीतर तोच काटा तीच ट्यूब पुन्हा फोडतो. रोज हळूहळू हवा जात असेल तर ट्यूब बदलण्याआधी व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी बदलून पाहा. व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटलेल्या ट्यूबला मात्र पॅच टिकत नाही. टायरला चीर पडली तर आतून गेटर टाकून मागच्या चाकाला काही दिवस ढकलता येतं. पुढच्या चाकाला नको, पुढचं टायर फुटलं तर हँडल हातात राहत नाही.

पायडलच्या दर फेऱ्याला "टक्" वाजलं की ती कॉटर पिन. त्याच दिवशी ठोकून, नट आवळून घ्या, झिजली असेल तर बदला. पिन स्वस्त असते, सैल पिनवर चालवून भोक मोठं केलेला क्रँक स्वस्त नसतो. एक स्पोक तुटला तर शेजारचे त्याचा भार घेतात आणि मग तेही तुटतात, म्हणून तुटलेला लगेच टाकून आउट काढून घ्यावी. सप्टेंबर २०२१ मध्ये लेंडी आणि शाकंबरीचं पाणी गावात शिरलं, तेव्हा कितीतरी सायकली गाळात गेल्या. ज्यांनी लगेच हब खोलून, छर्रे धुऊन नवं ग्रीस भरलं, त्यांच्या सायकली वाचल्या. ज्यांनी वरून पाणी मारून उन्हात ठेवल्या, त्यांचे कोन आणि कटोऱ्या आतून गंजल्या. दिसायला दोन्ही सायकली सारख्याच स्वच्छ होत्या.

आम्हाला विचारतात, "मुलींचे हात काळे कशाला करता? तुमच्या पोरांना लावा की कामाला." हा सवाल आपल्या लोकांकडून आला की जास्त बोचतो. मनमाड आपल्याच तालुक्यातलं. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला तिथे रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. बाबासाहेबांचं तिथलं भाषण ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही या दोन शत्रूंसाठी सर्वांना पाठ आहे. पण आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो, कारखान्यातल्या हुनराच्या जागांपर्यंत त्याला पोचू दिलं जात नाही, हा हिशेबही त्याच भाषणात होता. पाना कोणाच्या हातात द्यायचा, हे तेव्हा दुसरे ठरवत होते. आज आपल्या घरात मुलीच्या बाबतीत ते कोण ठरवतं?

आणि पैशांचा मुद्दा काढणाऱ्यांना आमचा साधा प्रश्न आहे. घरातल्या मोटारसायकलचं ऑइल किती किलोमीटरला बदलायचं, हे तोंडपाठ असतं. तिचा ब्रेक लागेनासा झाला तर त्याच संध्याकाळी गॅरेज गाठलं जातं. मुलीच्या सायकलची चेन शेवटची कधी बदलली, हे विचारलं की घरातले एकमेकांकडे बघतात.

"भंगारात टाका" म्हणणाऱ्यांचंही एका जागी आम्ही ऐकतो. हँडलच्या खाली, जिथे फ्रेमचे पाइप जुळतात, तिथे तडा गेला असेल तर वेल्डिंग करून मुलीला त्यावर बसवू नका. पण साध्या काळ्या सायकलचे पार्ट बहुतेक एकमेकींना बसतात. गिअरच्या, डिस्क ब्रेकच्या नव्या सायकलींचं तसं नाही, त्यांच्या पार्टसाठी मालेगाव किंवा नाशिक पाहावं लागतं. म्हणून फ्रेम भंगारात देण्याआधी चाकं, क्रँक, सीट, स्टँड आणि घंटी काढून आमच्याकडे आणून द्या. भंगारवाला नुसत्या वजनाचे पैसे देतो, आणि ओट्यावर सध्या मागच्या चाकाविना तीन सायकली उभ्या आहेत.