सात नंबरचं काउंटर

मेंदूतून मज्जातंतूंच्या बारा जोड्या निघतात. कवटीतली बारा काउंटरंच म्हणा ना! त्यातलं सात नंबरचं काउंटर चेहऱ्याचं. हसणं, फुंकर घालणं, नाक मुरडणं, सगळा व्यवहार तिथं. गेल्या श्रावणात माझं उजवीकडचं सात नंबर रातोरात बंद पडलं. संपाची नोटीससुद्धा न देता.

सकाळी चूळ भरली ती सदऱ्यावरच सांडली. आरशात पाहतो तर तोंड डावीकडे ओढलेलं. "अगं बाई, वारं गेलं!" म्हणत आमची ही मटकन खाली बसली. माझ्याही पोटात गोळा आला. वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा त्यांचंही तोंड असंच वाकडं झालं होतं.

तासाभरात इस्पितळात. डॉक्टर म्हणाले, "कपाळाला आठ्या घाला." वीस वर्षं बँकेत गिऱ्हाइकांसमोर बसलेल्या माणसाला हे का शिकवायला हवं? पण आठ्या उमटल्या निम्म्याच. "छान!" डॉक्टर म्हणाले. कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतात, म्हणून अर्धांगवायूत ते सहसा हलतं. माझं तेही बंद, हातपाय मात्र ठणठणीत. म्हणजे घोटाळा हेड ऑफिसात नव्हता, शाखेत होता! कानाजवळच्या हाडातल्या अरुंद बोगद्यात तंतू सुजून चेंगरला होता. सर चार्ल्स बेल या स्कॉटिश शल्यवैद्याने १८२१ साली या तंतूविषयी लिहिलं, म्हणून दुखण्याचं नाव बेल्स पाल्सी. त्याच दिवशी स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या.

डोळ्याची गंमत तर विचारूच नका. पापणी उघडण्याचं खातं तीन नंबरकडे, मिटण्याचं सातकडे. त्यामुळे शटर वर जाई, खाली येईना. बळेच मिटू गेलो की बुबुळ वर पळे आणि नुसतं पांढरं दिसे. रात्री डोळ्यात मलम, वर चिकटपट्टी. चावणं पाच नंबरकडे, ते चालू. पण गालातला घास पुढे ढकलणं सातकडे. पोळी गालात मुदत ठेवीसारखी पडून राही. कामावर रुजू झालो, तर मी हसून बोललो की गिऱ्हाइकाला वाटे, हा गृहस्थ आपली कुचेष्टा करतोय.

रोज सकाळी ही समोर येऊन उभी राही. "अहो, जरा आठ्या घाला बघू." लग्नाला अठरा वर्षं झाली, आठ्या घालू नका म्हणूनच ती आजवर माझ्या मागे होती. पाचव्या आठवड्यात उजव्या कपाळावर केसाएवढी रेघ उमटली. हिने ती बोटाने चाचपून पाहिली आणि शेजारच्या काकूंना बोलवायला धावली.