चक्रवाकाच्या भेटीला

वीस वर्षे मी वर्गात चक्रवाक शिकवतो आहे. संध्याकाळ झाली की चक्रवाकाची आणि चक्रवाकीची ताटातूट होते, नदीच्या दोन तीरांवरून दोघे रात्रभर एकमेकांना साद घालतात आणि सूर्य उगवला की पुन्हा भेटतात, हा कविसंकेत मी दरवर्षी सांगत आलो. दोन वर्षांपूर्वी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, पण हा पक्षी दिसतो कसा?" मी म्हटले, "बदकासारखा!" वर्ग हसला. मीही हसलो, पण घरी येईपर्यंत ते हसू काही टिकले नाही.

असा मी वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी पक्षिनिरीक्षक झालो. सलीम अलींचे १९४१ साली प्रथम निघालेले भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक आणले, मारुती चितमपल्लींचा पक्षिकोश उशाशी घेतला आणि पगाराच्या थकबाकीतून एक कॅमेरा व हातभर लांब लेन्स घेतली. सौभाग्यवती म्हणाल्या, "लग्नाला अठरा वर्षं झाली, माझा एक धड फोटो काढला नाहीत. आता बदकांचे काढणार?"

"तू एका जागी बसतेस कुठे?"

"मग बदकं बसतात वाटतं?"

या प्रश्नाचे उत्तर मला गेल्या जानेवारीत भिगवणला मिळाले.

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने शंभरएक किलोमीटर गेले की भिगवण येते. भीमा नदीवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले आणि त्याचा फुगवटा इथवर पसरला. पावसाळ्यानंतर भरलेले पाणी हळूहळू उतरू लागते, काठचा गाळ उघडा पडतो, आणि त्या गाळातले किडे, शंख-शिंपले, उथळ पाण्यातले मासे म्हणजे पाखरांचे वाढलेले पानच. थंडी पडली की दूरदेशीचे पाहुणे या पंगतीला येतात.

भौतिकशास्त्राच्या एका स्नेह्यांनी मोटार काढली. पहाटे चारला निघून उजाडता उजाडता आम्ही कुंभारगावच्या काठावर होतो. पाण्यावर धुके, कानाला मफलर आणि हातात वाफाळता चहा. होडीवाले मामा पन्नाशी ओलांडलेले, मितभाषी गृहस्थ. मासेमारी हा त्यांचा धंदा. हिवाळ्यात ते आमच्यासारख्या हौशी लोकांना पाखरे दाखवतात.

होडी निघाली. काळ्या अंगाची, कपाळावर पांढरा ठसा असलेली पाखरे शेकड्यांनी पोहत होती. "हे वारकरी," मामा म्हणाले. गंध लावून निघालेल्या त्या दिंडीला याहून चांगले नाव कोण देणार? पुढे रोहित पक्षी मान खाली घालून, चोच उलटी धरून पाणी गाळत उभे होते. रंगीत करकोचे तर नुकतीच रंगपंचमी खेळून आल्यासारखे दिसत होते. मामा इंजिन बंद करून वल्ह्याने होडी पुढे नेत आणि प्रत्येक वेळी सूर्य आमच्या पाठीशी येईल अशी वळवत. कॅमेरा जितका पाण्यालगत तितके चित्र चांगले, नेम धरायचा तो डोळ्यावर, हे धडे मला त्यांनीच दिले.

आणि मग उथळ पाण्यात एक जोडी दिसली. अंग विटकरी-केशरी, डोके फिकट पिवळसर. पुस्तकात पाहण्याची गरजच पडली नाही. चक्रवाक! तो रात्रीही चरतो आणि अंधारात एकमेकांना हाका घालतो. कवींनी हाका बरोबर ऐकल्या होत्या. विरह त्यांनी पदरचा घातला. ऊन चढले होते, जोडी शेजारीशेजारी चरत होती, आणि मी लेन्सचे झाकण काढायचे विसरून नुसता पाहत बसलो होतो.

चूक झाली ती यानंतर. पलीकडे दीड-दोनशे पट्टकादंब हंस बसले होते. करड्या अंगाचे, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे हंस तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात. उपग्रहाद्वारे घेतलेल्या नोंदींत त्यांनी ७,२९० मीटर उंची गाठलेली आढळली आहे. मला मात्र त्यांचे पंख पसरलेले चित्र हवे होते. मी म्हटले, "मामा, जरा टाळी वाजवा ना. थवा उठला म्हणजे झकास फोटो येईल."

मामांनी वल्हे थांबवले.

"सर, पाखरं उठवायची न्हाईत."

"एकदाच हो. पुन्हा बसतील की."

"बसत्यात. पर दर होडीनं एकदा म्हनलं, तर त्यांनी खायाचं कवा?" मग थोडे थांबून ते म्हणाले, "आमचंबी गाव उठलंय सर. मी तवा तिसरीत हुतो. आपली होडी आता चाललीया ती आमच्या रानावरनंच. उठायचं म्हंजी काय, ते आमाला ठावं हाय."

मी खाली पाण्याकडे पाहिले. उन्हाळ्यात पाणी फार उतरले की पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते, हे मी वाचले होते. पण त्या पाण्याखाली कुणाची शाळेची वाट असेल, हे मनात आले नव्हते. ज्या पाण्याने माणसे उठवली त्याच पाण्यावर ही पाखरे येऊन बसली, आणि त्यांची राखण उठलेल्या माणसांनीच पत्करली होती. हिवाळ्यात साठवलेली अंगातली चरबी हीच या हंसांची परतीच्या वाटेवरची शिदोरी. मी एका टाळीसरशी तिच्यातला घास काढून घेणार होतो.

"चुकलो मामा," मी म्हटले.

होडी तशीच उभी राहिली. अर्धा तास आम्ही कुणीच बोललो नाही. हळूहळू हंस आपणहून चरत आमच्याकडे सरकले. एक तर इतका जवळ आला की त्याच्या डोळ्यात सकाळ दिसत होती. मी एकच फोटो काढला. पंख मिटलेले आहेत. पण माझ्या संग्रहात त्याच्या तोडीचा दुसरा नाही. एका जागी बसायचे असते ते पाखरांनी नव्हे, आपण!

वाचकहो, ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. चितमपल्लींच्या जन्मदिवशी तो सुरू होतो आणि सलीम अलींच्या जन्मदिवशी संपतो. फराळाचे डबे रिकामे झाले की मुलांना घेऊन एखादे पाणी गाठा. कॅमेरा नसला तरी चालेल. फक्त टाळी वाजवू नका.

भिगवणहून परतल्यावर मी वर्गात चक्रवाक पुन्हा शिकवला. तो कसा दिसतो, ते आता सांगता आले. बदकासारखाच दिसतो, पण या वेळी कुणी हसले नाही.